चवीचा निवाडा : बिअर पारखणाऱ्या घरांचा इतिहास

बिअर कोणी बनवायची आणि ती चांगली की वाईट हे कोणी ठरवायचे, हे दोन अधिकार इंग्लंड आणि अमेरिकेच्या इतिहासात फार थोडा काळ एकाच ठिकाणी नांदले आहेत. मध्ययुगात बिअर घरात बनत असे, पण तिचा निवाडा घराबाहेरचा अधिकारी देत असे. कारखानदारीच्या युगात बनवणे आणि पारखणे ही दोन्ही कामे घरातून निघून गेली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस-तीस वर्षांत मित्र, शेजारी आणि नातेवाईक एका टेबलाभोवती बसून, कधी स्वतः बनवलेली तर कधी छोट्या ब्रुअरीतून आणलेली बिअर चाखून तिच्यावर मत नोंदवू लागले, तेव्हा ते दोन्ही अधिकार एका छपराखाली आले. क्राफ्ट बिअर, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या छोट्या ब्रुअरीत एखादी शैली डोळ्यांसमोर ठेवून मर्यादित प्रमाणात तयार केलेली बिअर, हिचा इतिहास बहुधा उद्योजकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो या घरगुती बैठकीचा इतिहास म्हणून सांगणे अधिक न्याय्य आहे, कारण त्या उद्योजकांपैकी अनेक जण याच बैठकीतून उठून धंद्यात शिरले.

तेराव्या आणि चौदाव्या शतकांत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत ‘एल’ हे रोजच्या जेवणातले पेय होते. मोड आणून वाळवलेले धान्य, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढायचा आणि तो यीस्टने आंबवायचा, एवढीच त्याची कृती होती. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी आणि ती टिकवणारी एका वेलीची फुले, त्या काळच्या एलमध्ये नसत, आणि त्यामुळे एल काही दिवसांतच आंबून जाई. एका घराला जेवढे पुरेल त्याहून अधिक एल एका खेपेत तयार होत असे आणि ते साठवता येत नसे, म्हणून उरलेले एल शेजाऱ्यांना विकण्याची रीत पडली, आणि गावातील घरे जणू पाळीपाळीने एल बनवू व विकू लागली. हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. ज्युडिथ बेनेट या इतिहासकर्तीने जमीनदारी न्यायालयांच्या दप्तरांचा बारकाईने अभ्यास करून १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्त्रियांचे जग उभे केले आहे. त्या दप्तरांत बहुतेक स्त्रियांची नावे दंड झालेल्या व्यक्ती म्हणूनच नोंदलेली आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. दंड झाला नसता तर त्यांच्या कौशल्याचा मागमूसही उरला नसता.

दंड होण्याचे कारण कायद्यात होते. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीतील, साधारणपणे १२६६ सालचा मानला जाणारा ‘असाइझ ऑफ ब्रेड अँड एल’ हा कायदा धान्याच्या भावाशी पाव आणि एल यांच्या किमती जोडून देत असे, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी गावोगावी व नगरोनगरी शपथ देऊन ‘एल-टेस्टर’ किंवा ‘एल-कॉनर’ नेमले जात. घरात एल तयार झाले की दारावर झुडपाची फांदी बांधलेला लांब दांडा लावायचा, तो पाहून गिऱ्हाईक येई आणि एल-टेस्टरही येई. तो एल चाखून त्याचा कस पाही, किंमत बरोबर आहे की नाही हे ठरवी आणि माप खोटे असल्यास तक्रार नोंदवी. विल्यम शेक्सपिअरचे वडील जॉन शेक्सपिअर यांनी स्ट्रॅटफर्ड नगरात जी सार्वजनिक पदे भूषवली त्यांत १५५६ साली मिळालेले एल-टेस्टरचे पद हे सुरुवातीचे होते, यावरून या पदाची प्रतिष्ठा कळते. चामड्याची विजार घालून, बाकावर एल ओतून त्यावर बसणाऱ्या परीक्षकाची जी कथा सांगितली जाते ती मात्र लोककथाच समजावी, कारण मध्ययुगीन दप्तरांत तिला आधार नाही. खरी परीक्षा जिभेचीच होती. तरीही या व्यवस्थेत चव हा मुख्य मुद्दा नव्हता हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे; एल विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराला ठरल्याप्रमाणे दंड होत असे, इतका की तो शिक्षेपेक्षा परवाना शुल्कासारखाच वसूल केला जाई.

पंधराव्या शतकापासून नेदरलँड्सच्या प्रदेशातून आलेली हॉप्सची बिअर इंग्लंडमध्ये रुजू लागली आणि घराचे हे स्थान डळमळले. हॉप्समुळे बिअर महिनोन्महिने टिकू लागली, टिकू लागल्यामुळे दूर पाठवता येऊ लागली, आणि दूर पाठवायची तर मोठी भांडी, मोठे भांडवल आणि व्यापारी संघटना लागत, ज्यांत अविवाहित किंवा विधवा स्त्रीला फारसा वाव नव्हता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा धंदा बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. पुढील वाटचाल सुपरिचित आहे. अठराव्या शतकात लंडनच्या पोर्टर ही गडद बिअर बनवणाऱ्या ब्रुअऱ्यांनी उष्णतामापक आणि रसाची घनता मोजणारे उपकरण वापरात आणले, १८७६ मध्ये लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली.

चवीची परीक्षाही मग प्रयोगशाळेत गेली, आणि तिथे तिला जी शिस्त लागली तिचे ऋण आजच्या घरगुती बैठकीवरही आहे. कार्ल्सबर्गमध्येच १९४० च्या दशकात वापरात आलेली त्रिकोणी चाचणी हे याचे उत्तम उदाहरण आहे: परीक्षकासमोर तीन पेले ठेवायचे, त्यांतील दोहोंत एकच बिअर आणि तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा पेला कोणता एवढेच त्याने सांगायचे. दोन बिअरांमध्ये खरोखर फरक आहे की केवळ नावामुळे तो भासतो, हे या साध्या युक्तीने कळते. दुसरे ऋण डॅनिश शास्त्रज्ञ मॉर्टन मेलगार्ड यांचे आहे. त्यांच्या पुढाकाराने युरोप आणि अमेरिकेतील ब्रुअरीतज्ज्ञांच्या संघटनांनी १९७० च्या दशकात चव आणि गंध यांचे एक चक्र तयार केले, ज्यात शंभराहून अधिक संज्ञा गटवार मांडलेल्या आहेत आणि अनेक संज्ञांमागे एखादे निश्चित रसायन उभे आहे. लोण्यासारखा वास येत असेल तर तो डायअ‍ॅसिटिलचा, शिजलेल्या मक्याचा असेल तर डायमिथाइल सल्फाइडचा, पिकलेल्या केळ्याचा असेल तर आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, हे यामुळे सांगता येऊ लागले. ज्या बैठकीत पूर्वी ‘बरी आहे’ किंवा ‘आवडली नाही’ एवढेच बोलले जाई तिथे दोष कोणता आणि तो कृतीच्या कोणत्या टप्प्यावर शिरला याची चर्चा शक्य झाली.

ही भाषा सामान्य माणसापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटनला जाते. तिथे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या १८८० च्या कायद्यापासून घरी बिअर बनवण्यासाठी परवाना काढावा लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट रद्द केली. १९७१ मध्ये चार मित्रांनी आयर्लंडच्या सहलीत ‘कॅमरा’ या ग्राहक-चळवळीची स्थापना केली, जिचा आग्रह पिंपातच पक्व होणाऱ्या, वायूच्या दाबाविना वाढल्या जाणाऱ्या पारंपरिक एलसाठी होता. आणि १९७७ मध्ये मायकल जॅक्सन या यॉर्कशरच्या पत्रकाराचा जगातील बिअरांची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जॅक्सन यांनी बिअरांची विभागणी केवळ देशानुसार न करता शैलीनुसार केली, म्हणजे धान्य, यीस्ट, रंग, कडवटपणा आणि परंपरा यांच्या मेळातून ठरणाऱ्या प्रकारानुसार. आणि एखादी बिअर तिच्या शैलीच्या अपेक्षांवर पारखावी, सर्वांना एकच माप लावू नये, हा विचार वाचकांच्या मनात रुजवला. घरगुती परीक्षकाच्या हाती यापेक्षा उपयुक्त साधन कोणीही दिलेले नाही.

अमेरिकेत मात्र घराला आधी कायद्याची लढाई जिंकावी लागली. १९२० ते १९३३ या काळातील देशव्यापी दारूबंदी उठली तेव्हा कुटुंबासाठी घरी वाइन बनवण्याची करमुक्त सवलत मिळाली, बिअरला ती मिळाली नाही, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे घरी बिअर बनवणे केंद्रीय कायद्याने गुन्हाच राहिले. तरीही लोक ती बनवत होते. लॉस एंजेलिसमधील ‘मॉल्टोज फाल्कन्स’ हे मंडळ १९७४ पासून एकत्र जमून बिअर बनवत आणि चाखत होते. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली त्यात सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीमुळे ही सवलत अंतर्भूत झाली आणि ती फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आली. तिचे स्वरूप मुळातून पाहण्यासारखे आहे. प्रौढ व्यक्तीला विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी कर न भरता बिअर बनवता येईल, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी ही तरतूद आहे. आणि तिच्याखालील नियमांत ही बिअर स्पर्धा, प्रदर्शने व चव घेण्याच्या बैठकांसाठी घराबाहेर नेण्याचीही मुभा आहे. कुटुंब आणि चवीची बैठक हे दोन्ही शब्द अशा रीतीने कायद्याच्या आणि त्याच्या नियमांच्या मजकुरातच आले. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने ही सवलत देशभर पोहोचण्यास वेळ लागला, आणि मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी ती २०१३ मध्ये मान्य केली.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ स्थापन केली. पपाझियन हे व्यवसायाने शाळाशिक्षक होते, घरी बिअर बनवण्याचे वर्गही ते चालवत, आणि १९८४ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने ही विद्या लाखो स्वयंपाकघरांत नेली. बोल्डरमध्येच १९८२ साली ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ प्रथम भरला. तोवर अमेरिकेत ब्रुअऱ्यांची संख्या शंभराच्याही खाली गेली होती आणि जवळजवळ सर्वत्र एकाच तऱ्हेची फिकी लागर मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या घरगुती मंडळांचे महत्त्व कळते. सिएरा नेवाडा ब्रुअरी उभारणारे केन ग्रॉसमन हे आधी कॅलिफोर्नियातील चिको गावात घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी साहित्याचे दुकान चालवत होते, आणि १९७६ मध्ये सोनोमा येथे ‘न्यू अल्बियन’ ही छोटी ब्रुअरी सुरू करणारे जॅक मॅकऑलिफ यांनीही घरीच हात बसवला होता.

मंडळे वाढली तसा निवाड्यातील एकवाक्यतेचा प्रश्न उभा राहिला, आणि १९८५ मध्ये परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही व्यवस्था सुरू झाली. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला, म्हणजे दाटपणा, बुडबुडे आणि तुरटपणा यांच्या जाणिवेला ५, आणि एकूण परिणामाला १०. रूपाला केवळ तीन गुण देण्याचा निर्णय अत्यंत शहाणपणाचा आहे, कारण रंग आणि फेस पाहून मन आधीच कौल देऊन बसते. घरी बसणाऱ्या मंडळींनी ही पत्रिका जशीच्या तशी किंवा सोपी करून उचलली आणि तिच्यासोबत काही रीतीही उचलल्या: बाटल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, हलक्यापासून जड बिअरकडे जायचे, पेल्यात दोन-चार घोटच ओतायचे, एल फार थंड ठेवायचे नाही कारण थंडीत गंध दबतो, आणि सर्वांनी आपापले मत लिहून झाल्याशिवाय कोणी बोलायचे नाही. शेवटची रीत सर्वांत मोलाची आहे. घरातील वडीलधाऱ्याने किंवा जाणकार मित्राने पहिला शब्द उच्चारला की इतरांच्या जिभा त्याच्यामागे जातात, हे प्रयोगशाळांनी पूर्वीच ओळखले होते. शिवाय वास ओळखण्याची क्षमता माणसागणिक निराळी असते. डायअ‍ॅसिटिलचा लोण्यासारखा वास काहींना अगदी थोड्या प्रमाणातही येतो तर काहींना तो जवळजवळ येतच नाही. एकट्या तज्ज्ञाच्या नजरेतून निसटलेला दोष पाच-सहा जणांच्या बैठकीत कोणाच्या तरी नाकाला सापडतो, आणि म्हणूनच कुटुंबाची बैठक ही तज्ज्ञाची दुबळी नक्कल नसून परीक्षेची एक स्वतंत्र, समर्थ पद्धत आहे.

महाराष्ट्रात हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या क्रमाने पोहोचला. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून ताजी वाढणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली, आणि पुढील दशकात पुणे व मुंबईत अशा अनेक ब्रुअऱ्या निघाल्या. छोट्या पेल्यांचा संच मागवून मित्रांनी किंवा भावंडांनी चार-पाच बिअरांची तुलना करणे ही रीत येथील शहरी मराठी कुटुंबांत याच ब्रुअऱ्यांमुळे आली. येथे लोकप्रिय झालेली गव्हाची बेल्जियन शैलीची बिअर, जी ह्यूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुनरुज्जीवित केली, तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, आणि जर्मन शैलीच्या गव्हाच्या बिअरला यीस्टमुळेच केळ्याचा व लवंगेचा वास येतो. मसाल्याच्या डब्याशी रोजचा संबंध असलेल्या नाकाला हे गंध शिकवावे लागत नाहीत. बनवण्याचा अधिकार मात्र घराला मिळालेला नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करतो, पिण्यासाठीही परवाना मागतो, आणि बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे. परिणामी कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले मराठी दांपत्य वर्षाला २०० गॅलन बिअर स्वयंपाकघरात बनवून स्नेह्यांसमोर परीक्षेला ठेवू शकते, तर पुण्यातील त्यांच्या नातलगांना एक बाटलीही घरी आंबवता येत नाही आणि दुसऱ्याने बनवलेल्या बिअरचा निवाडा करण्यापुरताच त्यांचा अधिकार मर्यादित राहतो.