फुगा कोणासाठी?

अँजिओप्लास्टीचा इतिहास बहुधा एका फुग्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती गोष्ट खरी आहे, पण अपुरी. अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून मोकळी करता येते, हे चार्ल्स डॉटर यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९६४ सालीच दाखवलं होतं. पायाला गँगरीन झालेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंनी पाय कापू द्यायला ठाम नकार दिला, तेव्हा डॉटर यांनी मांडीच्या धमनीत तार सरकवली आणि तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी घातली. पाय वाचला. तरीही त्यांच्याच देशातले अनेक शल्यविशारद या उपचाराकडे संशयाने पाहत राहिले. अडचणही होतीच: वाहिनी जितकी रुंद करायची तितकी नळी जाड, आणि नळी आत घालण्यासाठी धमनीला पाडायचं छिद्रही तितकंच मोठं.

ही अडचण आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झ्युरिकमध्ये, घरच्या स्वयंपाकघरात फुगे बनवत सोडवली. रबरी फुगा कामाचा नव्हता. कठीण, चिंचोळ्या जागी तो दबतो आणि दोन्ही अंगांना फुगतो, म्हणजे जिथे जोर हवा नेमका तिथेच कमी पडतो. त्यांनी पीव्हीसीचा लांबट फुगा केला; ठरलेल्या जाडीला पोचला की तो आणखी पसरत नाही, ताठ होतो. १९७४ मध्ये तो पायाच्या धमनीत गेला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाच्या. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा १९७९ चा लेख. पहिल्या ५० रुग्णांपैकी ३२ जणांमध्ये यश आलं, पाच जणांची तातडीने बायपास करावी लागली, हे त्यात सरळ लिहिलं आहे. बायपासच्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्क्यांनाच हा उपचार लागू पडेल असा अंदाज आहे, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून रीतसर तुलना झाली पाहिजे असा आग्रहही. स्वतःच्याच शोधाला अशी वेसण घालणारा संशोधक विरळा.

१९८५ मध्ये ग्रुंटझिग विमान अपघातात गेले. पुढच्याच वर्षी धमनी उघडी ठेवणारा जाळीदार स्टेंट आला, आणि उपचार तुलनेच्या फार पुढे पळाला. यावर कोणी म्हणेल, तुलनेची वाट पाहत बसलो असतो तर किती माणसं दगावली असती! ऐन हृदयविकाराच्या झटक्यात हा आक्षेप पूर्ण खरा आहे. तिथे बंद धमनी लवकर उघडण्याने जीव वाचतो. पण चालताना छातीत भरून येणाऱ्या स्थिर रुग्णाचं तसं नाही. २००७ साली २,२८७ रुग्णांच्या अभ्यासात चांगल्या औषधोपचाराला अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. मग त्रास तरी कमी होतो की नाही? २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर केवळ लुटुपुटीची प्रक्रिया केली, तेव्हा चालण्याच्या क्षमतेत ठोस फरक दिसला नाही. ते रुग्ण भरपूर औषधांवर होते, हा टीकाकारांचा मुद्दा रास्त होता. म्हणून छातीदुखीची औषधं थांबवून ३०१ रुग्णांवर पुन्हा प्रयोग झाला. तिथे दुखणं स्पष्टपणे घटलं, तरी निम्म्याहून अधिक जणांचं ते पुरतं थांबलं नाही. हे उत्तर २०२३ मध्ये मिळालं, ग्रुंटझिग यांच्या लेखानंतर ४४ वर्षांनी.