बिनोदबिहारींचे उत्तरपर्व

बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांच्या कलेविषयी लिहिताना बहुतेक समीक्षक त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात : दृष्टी होती तोवरचा चित्रकार आणि १९५६-५७च्या सुमारास मोतीबिंदूच्या असफल शस्त्रक्रियेनंतर सर्वस्वी अंध झालेला, पण हार न मानणारा माणूस. या दुसऱ्या तुकड्याच्या वाट्याला कौतुक पुष्कळ आले, चिकित्सा मात्र क्वचितच आली. पन्नाशीनंतरच्या या निर्मितीकडे सहानुभूतीने पाहणे म्हणजे तिचे मोल आधीच कमी धरणे होय.

मुळात त्यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. एक डोळा निकामी, दुसऱ्यालाही फार जवळचेच दिसे. अशा अवस्थेत त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवले. ओल्या गिलाव्यावरचे हे काम. गिलावा वाळण्यापूर्वी रंग लागला पाहिजे, चुकलेले खोडता येत नाही. तरीही भिंतीच्या मापाचा पूर्ण आराखडा त्यांनी आधी काढला नाही. जवळ उभे राहिल्यावर भिंतीचा हातभर भागच ज्याला नीट दिसतो, त्याने शेकडो आकृतींचा तो प्रवाह पेलायचा कसा? संपूर्ण रचना मनात धरूनच. त्या संतमेळ्यात सूरदासही आहेत; त्यात भविष्याची चाहूल शोधण्याचा मोह होतो, पण तो भाबडेपणा ठरेल.

म्हणूनच अंधत्वाने त्यांची रचनाशक्ती हिरावली नाही. गेला तो रंग. रंगासाठी त्यांना स्मृतीवर आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांवर विसंबावे लागले, आणि माझ्या मते उत्तरकालीन कामातील खरी उणीव इथेच आहे. उलट कातरलेल्या कागदांच्या चिकटचित्रांत आकाराची कड बोटांना कळते, तिथे त्यांचा हात निःशंक आहे. रेखाटनांत ही सोय नाही : एकदा उमटलेली रेषा बोटांना पुन्हा सापडत नाही. त्यामुळे तिथे आकृती काटकसरीच्या झाल्या, काही विस्कटल्या, काही मात्र पूर्वीच्या सफाईदार रेषेहून अधिक जिवंत झाल्या. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिक फरशांचे भित्तिचित्र त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षी, चाळीसच्या दशकारंभी त्यांचा विद्यार्थी असलेल्या सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा अनुबोधपट काढला.

या काळात ते विश्वभारतीत कलेचा इतिहास शिकवीत होते, आणि 'चित्रकर' या बंगाली ग्रंथात संगृहीत झालेले आत्मपर गद्य सांगून लिहवून घेत होते. त्या गद्यातही आकृती मोजक्या आणि मधली जागा मोकळी आहे, वीरभूमच्या माळांवरील त्यांच्या जुन्या निसर्गचित्रांत असे तशी.