बॉनेटखालचा रंग

माणसाची पारख बनियनवरून आणि मोटारीची बॉनेटखालच्या रंगावरून करावी, असं आमच्या भाऊकाकांचं मत आहे. काका गणपतीपुळ्याला राहतात. दारात १९६६ सालची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिचीच धाकटी बहीण ‘पद्मिनी’ मुंबईत टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. पेन्शन नाही, काही नाही.

पुळ्याचा खारा वारा पत्र्याला व्याज लावतो, तेही चक्रवाढ. म्हणून मी बोनसच्या जोरावर मोटार रंगवायला दिली. पेंटरने बॉनेटच्या आतही असा ड्यूको मारला की त्यात बघून भांग पाडावा. मी खूश. काकांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, मिटलं.

“कुणाची रे ही गाडी?”

आम्ही कॉमर्सवाले, चकाकणारा ताळेबंद दिसला की आधी समाधान मानतो. काकांनी माझं ऑडिट सुरू केलं. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळी मिळे, हे मला ठाऊक होतं. त्याआधी ती रंगीत मिळे, हे नव्हतं. जुन्या तेली वार्निशने मोटार रंगवायची तर वाळण्यातच आठवडे जात. मग ड्यू पाँट कंपनीचा ड्यूको आला आणि १९२४ च्या ओकलंड मोटारी त्याने रंगल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. कंपनीचं नाव विसरून आपले गॅरेजवाले अजून ‘ड्यूको’च म्हणतात. पण हा रंग गनमधून येतो तो मंद. चकाकी येते हाताने घासून. बॉनेटच्या आत कोण घासणार? कोपऱ्यात हात पातळ, कुठे ओघळ, कुठे प्रायमर डोकावतोय. गिऱ्हाइकाला दिसत नाही तिथे कारखाना असाच वागतो. आमची बँकही.

मग काकांनी चेसिस नंबरची पट्टी खोलली. तिच्याखाली साठ वर्षं ऊन न लागलेला, मंद निळसर करडा रंग.

“हा खरा.”

पुळ्याचा गणपती स्वयंभू; प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची. कुणी घडवलेलंच नाही म्हटल्यावर मूळ रूपाचा वाद मिटतो. मोटारीचं तसं नाही. बॅटरी उचलली, तर तिच्याखाली हिरवा ऑइल पेंट! पेंटरने बॅटरी हलवण्याची तसदीच घेतली नव्हती.

“हा कुठला?”

काका जरा थांबले. “खिडक्यांचा. उरला होता. त्र्याऐंशी साली गंज धरला, तेव्हा तुझ्या काकूनं लावला. मी म्हटलं, ब्रशचे फराटे दिसतायत. म्हणाली, बॅटरीला दिसतायत का?”

काकू जाऊन नऊ वर्षं झाली. कॅलिफोर्नियात पेबल बीचला जुन्या मोटारींची मोठी स्पर्धा भरते. तिथे न रंगवलेल्या मोटारींचा वेगळा गट आहे. पण उरलेल्या खिडकीच्या रंगाला तिथेही कुणी गुण देईलसं वाटत नाही.

“आत सगळं कंपनीसारखं मंद करून आण,” काका म्हणाले, “बॅटरीखाली हात लावू देऊ नकोस.”

दुसरा पेंटर पाहिला. चकाकी उतरवायला चकाकी चढवण्याच्या दीडपट पैसे पडले. ते बिल मी अजून काकांना दाखवलेलं नाही.