लोणारचे वय आणि हुकलेले स्पंद

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर किती जुने? १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने उत्तर मिळाले: सुमारे ५२ हजार वर्षे, अधिक-उणे ६ हजार. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांनी सांगितले: सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही मापने आघातात वितळलेल्या द्रव्याचीच. मग दहापट अंतर कशाचे?

पहिला संशय मोजणाऱ्या यंत्रावर जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. किरणोत्साराचे किंवा क्षीण प्रकाशाचे स्पंद ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी तीन एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. रदरफर्ड यांचे सहकारी अंधारात बसून पडद्यावरच्या चमका डोळ्यांनी मोजत, आणि डोळे थकत. पुढे यांत्रिक गणित्र आले, पण जवळजवळ आलेले स्पंद त्यालाही पेलत नसत. १९३०च्या दशकारंभी केंब्रिजमध्ये विन-विल्यम्स यांनी थायरट्रॉन नळ्यांचे मंडल रचले. दोन स्पंद आले की पुढे एकच जाई. असे टप्पे एकामागे एक जोडले की गणित्राला सावकाश, बरेचसे समान अंतराने ठोके मिळत.

तरीही नोंद केल्यावर उपकरण क्षणभर आंधळे असते. हा मृतकाल सेकंदाचा दहाहजारावा भाग धरू. सेकंदाला १,००० स्पंद नोंदले गेले, तर उपकरण एकदशांश वेळ आंधळे होते. खरे स्पंद सुमारे १,१११. सेकंदाला १० नोंदले, तर तूट जेमतेम हजारात एक. तूट आहे, पण ती हिशेबात धरता येते.

लोणारची अडचण मंडलाच्या अलीकडची आहे. थर्मोल्युमिनेसन्समध्ये नमुना तापवतात. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून प्रकाश देतात आणि तो प्रकाश मोजला जातो. जितका प्रकाश अधिक, तितका काळ अधिक. परंतु ज्वालामुखीजन्य खडकांतील फेल्डस्पारमधून हे इलेक्ट्रॉन न तापवताही हळूहळू निसटतात. शिवाय अडकण्याच्या जागा एकदा भरल्या की पुढच्या काळाची नोंदच होत नाही. जो इलेक्ट्रॉन आधीच निसटला, त्याचा स्पंद कोणत्याही मंडलापर्यंत पोहोचत नाही, आणि ‘अधिक-उणे ६ हजार’ हा आकडा त्याविषयी काहीच बोलत नाही. इतिहासाचे विद्यार्थी मात्र तो आकडा अनेकदा हमीपत्रासारखा वाचतात.

आर्गॉनचे वय ग्राह्य धरले, तर इतिहासाचे पात्रच बदलते. ५२ हजार वर्षांपूर्वी भारतात मध्य पुराश्मयुगीन अवजारे घडवणारी माणसे होती. ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी येथे होते ते अश्युलियन हातकुऱ्हाडी घडवणारे, आधुनिक मानवाच्या कितीतरी आधीचे जीव. तो स्फोट कोणी पाहिलाच असेल, तर त्यांनी.