उतारवयाचा खेळाडू आणि संघाची गरज



भारतीय फुटबॉल संघाचे ज्येष्ठ खेळाडू सुनील छेत्री यांनीं ६ जून २०२४ रोजीं कोलकात्याच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय खेळाचा निरोप घेतला. आणि पुरते दहा महिने लोटले नाहींत तोंच, मार्च २०२५ मध्यें, त्यांना परत पाचारण करण्यांत आलें. त्यांनीं वयाचीं चाळीस वर्षें पुरीं केलीं होतीं. मालदीवविरुद्ध त्यांनीं गोल केला व भारत जिंकला. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मडगांवीं सिंगापूरकडून हार खावी लागली आणि आशिया चषकाचें द्वार आपल्याला बंद झालें. एकानें म्हणावें, या वयांतहि गोल करणारा दुसरा कोण आहे? दुसऱ्यानें म्हणावें, हेंच तर आपलें दैन्य! दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ भावनेवर न सोडतां इतिहासाच्या साक्षीनें तपासून पाहणें बरें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर ही साक्ष फुटबॉलपेक्षां क्रिकेटच्या दप्तरांत अधिक सांपडते, आणि तेथील प्रमुख साक्षीदार म्हणजे प्रो. दिनकर बळवंत देवधर. १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यांत जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायानें संस्कृतचे अध्यापक. १९२६ सालीं गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानांत आला, तेव्हां मुंबईच्या जिमखान्यावर अखिल हिंदी संघाकडून देवधरांनीं १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यांत सी. के. नायडू यांनीं हिंदू संघाकडून १५३ धावा काढल्या होत्या. आपले गडी इंग्रजांशीं बरोबरीच्या नात्यानें झुंजूं शकतात, ही खात्री पटविण्यांत या दोन खेळींचा वांटा मोठा आहे.

पुढें २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. छत्तीस वर्षांचे नायडू कर्णधार होते. देवधर मात्र संघांत नव्हते. त्यांची चाळिशी भरली होती, आणि या वयाचा फलंदाज आतां उपयोगी पडावयाचा नाहीं असा हिशेब झाला. ज्यांनीं कसोटीचा मार्ग मोकळा करण्यास हातभार लावला, त्यांच्या वाट्यास एकहि कसोटी सामना कधीं आला नाहीं.

हा हिशेब कितपत खरा ठरला? त्याचें उत्तर मैदानानेंच दिलें. देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वेळां रणजी करंडक जिंकला. यांपैकीं दुसऱ्या वर्षीं पुण्यास मुंबईशीं जो सामना झाला, तो विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. महाराष्ट्रानें ६७५ धावा केल्या आणि मुंबईनें ६५०! रांगणेकरांनीं मुंबईकडून २०२ धावा काढून महाराष्ट्राच्या तोंडचें पाणी पळविलें होतें. शेवटीं पहिल्या डावांतील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला. त्या ६७५ धावांत २४६ धावा एकट्या देवधरांच्या होत्या आणि त्यांचें वय होतें अठ्ठेचाळीस. पुढें बावन्नाव्या वर्षीं नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यांत दोन्ही डावांत शतकें काढून त्यांनीं त्या जुन्या हिशेबावर जणुं शेवटचा शेरा मारला.

पुण्यास घडलेली ही हकीकत पारोळ्याच्या श्रोत्यास परकी वाटण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्र संघाच्या कक्षेंत खानदेशहि येतो. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याबाहेर मोकळ्या जागेंत बॅट फिरविणारा मुलगा उद्यां मोठा झाला, तर त्याला याच संघाच्या निवडीची वाट पाहावी लागते. आणि या वादांतील दुसरा पक्षहि त्या मुलाचाच आहे. संघांत जागा अकराच. त्यांतील एक जागा अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनीं अडविली, तर तालुक्याच्या गांवच्या पोरानें कोठें जावें? हा सवाल रास्त आहे. ज्येष्ठांविषयींच्या आदराखालीं तो झांकून ठेवतां येत नाहीं.

परंतु देवधरांच्या संघाकडे पाहिलें म्हणजे निराळेंच चित्र दिसतें. त्याच संघांत विजय हजारे यांनीं १९३९-४० सालीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रंगा सोहोनी त्याच संघांत पुढें आले. हे दोघेहि १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले. आणि भारतानें आपला पहिला कसोटी विजय १९५२ सालीं मद्रासेस मिळविला, तेव्हां कर्णधार हजारेच होते. वडाच्या छायेंत रोप वाढत नाहीं असें म्हणतात. येथें मात्र तें वाढलें, कारण ज्येष्ठ खेळाडू स्वतः धावा करीत होता आणि तरुणांच्या वाटेंत उभाहि राहत नव्हता.

इंग्लंडचा दाखला याहून बोलका आहे. १९२६ सालींच, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अखेरच्या कसोटीसाठीं इंग्लंडनें अठ्ठेचाळीस वर्षांच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांना ओव्हलवर परत बोलाविलें. त्याच संघाचा कर्णधार चॅपमन पंचविशींतला आणि वेगवान गोलंदाज लारवूड एकवीस वर्षांचा होता. ऱ्होड्सनीं दोन डावांत मिळून सहा बळी घेतले आणि इंग्लंडनें ॲशेस परत मिळविल्या. त्या निवडकर्त्यांनीं म्हातारा कीं तरुण असा वाद घातलाच नाहीं. दुसऱ्या डावांत खेळपट्टी फिरकीस साथ देईल, तर ती साथ घेणारा हात कोणाचा, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

सर्वच निवडी इतक्या निर्मळ बुद्धीनें होतात असें मात्र समजूं नये. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेणारे पालवणकर बाळू यांना १९२० सालीं हिंदू संघांतून वगळण्यांत आलें. त्यांची चाळिशी उलटलेली होती, हें खरें. परंतु त्याच वेळीं त्यांचे बंधु विठ्ठल भर उमेदींत असूनहि त्यांना डावलून कर्णधारपद देवधरांकडे देण्यांत आलें. विठ्ठल व शिवराम हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. पालवणकर बंधु चांभार ज्ञातीचे होते, ही गोष्ट त्या वादाच्या मुळाशीं होती. अंतिम सामन्याच्या वेळीं तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार नेमलें गेलें, आणि १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले. वयाचें कारण हें सोईचें कारण असतें; तें पुढें केलें म्हणजे दुसरें कारण सांगावें लागत नाहीं. एखाद्याला ‘आतां वय झालें’ म्हणून दूर सारतांना त्याच मापानें सर्वांना मोजलें आहे काय, हें विचारण्याचा अधिकार प्रेक्षकांना आहे.

सातपुड्यापलीकडे इंदुरास गेलें, तर तेथें नायडूच पुन्हां भेटतात. होळकर संघानें १९४५-४६ सालीं प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हां त्याचे कर्णधार असलेले नायडू पन्नास वर्षांचे होते. पुढें एकसष्टाव्या वर्षींहि ते रणजी सामन्यांत उतरले. लॉर्ड्सच्या वेळीं त्यांच्यांत आणि देवधरांत अंतर होतें तें उण्यापुऱ्या चार वर्षांचें. तेवढ्यानें एक कर्णधार झाला आणि दुसरा घरीं राहिला!

या सर्व साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे जन्मतारखेचा दाखला हा निवडीचा खरा आधार नव्हे, हें उघड होतें. आज, या सामन्यांत, हें काम याहून चांगलें करणारा दुसरा कोणी आहे काय, हा पहिला प्रश्न. नसेल, तर वय मोजण्यांत अर्थ नाहीं. असेल, तर नांव कितीहि मोठें असलें तरी जागा मोकळी झाली पाहिजे. पण याच्याच पोटांत दुसरा प्रश्न दडलेला आहे: दुसरा कोणी कां नाहीं? चाळीस वर्षांच्या छेत्रींना परत यावें लागलें, यांत त्यांचा दोष तिळमात्र नाहीं. देशाच्या हांकेला ओ देऊन ते आले. दोष असेल तर त्या व्यवस्थेचा, जिनें इतक्या वर्षांत त्यांच्या जागीं उभा राहील असा गडी घडविला नाहीं. देवधर पंचेचाळिशीनंतरहि महाराष्ट्रास हवे होते, पण त्यांच्या शेजारीं हजारे उभे होते. ज्या संघांत ज्येष्ठाच्या शेजारची जागा रिकामी असते, त्या संघाला ज्येष्ठाची गरज आहे कीं नाहीं हा वाद गौण होय. पारोळ्यासारख्या गांवच्या मुलाला मैदान, शिक्षक आणि निवडीची न्याय्य संधि मिळते कीं नाहीं, तेथूनच त्या रिकाम्या जागेचा शोध सुरू करावयास हवा.