शेवटचे वीस हात

श्रोतेहो, गटारांचा इतिहास म्हटला की मोठमोठी बांधकामे डोळ्यांपुढे येतात. मोहेंजोदडोच्या पक्क्या विटांच्या मोऱ्या आठवतात, लंडनच्या रस्त्यांखालची बोगद्याएवढी गटारे आठवतात. परंतु गरिबाच्या घरापुरते पाहिले तर खरा इतिहास या मोठ्या गटारांचा नव्हेच. घरातल्या मोरीपासून रस्त्यातल्या गटारापर्यंत जे वीस हात अंतर असते ना, त्या वीस हातांचा हा इतिहास आहे. मोठे गटार सरकार बांधते, त्याचा नारळ फुटतो, पाटी लागते. हे वीस हात मात्र कोणी बांधायचे, आणि पैसा कोणी घालायचा? या प्रश्नावर अनेक गावे अडून बसली. अशाच एका लहान गावाची हकीकत आज सांगतो.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात डोंगरउतारावर हॉवर्थ नावाचे गाव आहे. शंभर-सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लोकर विंचरणारे आणि विणणारे कामगार तिथे दाटीवाटीने राहत. लोकर विंचरायला ऊब लागते, म्हणून ज्या खोलीत निजायचे त्याच खोलीत खिडक्या बंद करून शेगडी पेटलेली असायची. काही कुटुंबे तर तळघरांत राहत. गावात भुयारी गटार नव्हते. सांडपाणी आणि मैला उघड्यावरून उताराला वाहत जाई.

त्या गावचा धर्मोपदेशक होता पॅट्रिक ब्राँटे. शार्लट, एमिली आणि ॲन या प्रसिद्ध लेखिकांचा हा बाप. १८४८ च्या सप्टेंबरपासून १८४९ च्या मेपर्यंत त्याच्या घरातली तीन तरणी मुले गेली: एक मुलगा आणि एमिली व ॲन या दोघी. हे मृत्यू क्षयाचे होते. पण गावातल्या इतरांच्या घरी लागोपाठ होणारी दफनेही तो रोज पाहतच होता. इंग्लंडात १८४८ साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला होता. कर भरणाऱ्यांपैकी एक-दशांश लोकांनी अर्ज केला, तर लंडनहून तपासनीस येऊन गावाची पाहणी करी. ब्राँटेने १८४९ मध्ये सह्या गोळा करून अर्ज धाडला.

१८५० च्या एप्रिलमध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज हा तपासनीस आला. गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज, त्यांचाच हा मुलगा. त्याने घरोघर फिरून जे लिहून ठेवले ते आज वाचतानाही अंगावर काटा येतो. साऱ्या गावात संडास अवघे ६९. दोन ठिकाणी तर चोवीस-चोवीस घरांना मिळून एक. पाण्याचा संडास एकही नाही. उन्हाळ्यात एका विहिरीचे पाणी इतके हिरवे आणि कुजके होई की गुरेसुद्धा तोंड लावीत ना. मरणाऱ्यांचे सरासरी वय पंचविसाच्या थोडे वर, आणि शंभरातली एकेचाळीस-बेचाळीस मुले सहा वर्षांची होण्याआधीच मातीआड जात.

बॅबेजने उपायही सांगितले. नळाने पाणी आणा, भुयारी गटार घाला, निदान तीन घरांमागे एक तरी पाण्याचा संडास करा. मग काय, झाले का लगेच? छे! गावातल्या पैसेवाल्या घरमालकांच्या स्वतःच्या विहिरी होत्या. “आम्हाला पाणी आहे, मग कर आम्ही का भरायचा?” असे त्यांचे म्हणणे. भाडेकरू तर करच भरत नव्हता, म्हणून त्याला मतही नव्हते. ज्याची मुले मरत होती त्याला बोलता येत नव्हते, आणि ज्याला बोलता येत होते त्याच्या परसात स्वच्छ पाणी होते. या ओढाताणीत कित्येक वर्षे गेली.

मात्र त्या कायद्यात एक शहाणपण होते, ते आपण ध्यानात घेण्याजोगे आहे. एडविन चॅडविक या गृहस्थाने १८४२ च्या आपल्या अहवालात सांगितले होते की, गरिबाला एकरकमी पैसा परवडत नाही, पण आठवड्याला थोडा थोडा परवडतो. त्याप्रमाणे कायद्यात तरतूद झाली. घराच्या जोडणीचा खर्च आधी मंडळाने करावा आणि तीस वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी, व्याजासह, वसूल करावा. शिवाय नवे घर बांधताना शंभर फुटांच्या आत गटार असेल तर त्याला जोडल्यावाचून ते बांधूच नये. म्हणजे जोडणी ही घरमालकाच्या मर्जीवर सोडायची नाही. पाया आणि छप्पर तशीच जोडणी, घराचाच एक भाग.

शिक्षकमित्रहो, आता थोडे गणित. मुलांना फळ्यावर काढून दाखवता येईल असेच आहे. १८४६ च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री डोल्टनने झिलई दिलेले भाजक्या मातीचे गोल नळ काढले, तेव्हापासून घराची जोडणी स्वस्त झाली. हे नळ उताराने वाहतात, आणि उताराचा जुना साधा ठोकताळा असा: नळ जेवढे इंच, त्याच्या दहापट लांबीला एक. चार इंची नळ असेल तर चाळीस फुटांना एक फूट उतार, सहा इंची असेल तर साठ फुटांना एक फूट. उतार फार कमी झाला तर घाण आत बसते आणि नळ तुंबतो. म्हणूनच घरांची जोती आधी बांधली आणि गटाराची पातळी मागून पाहिली, तर कपाळाला हात लावावा लागतो. पैसा उसना मिळतो, उतार उसना मिळत नाही!

आता तुम्ही म्हणाल, ही सायबाच्या देशाची गोष्ट झाली. तर मग जवळ या. १९३६ पर्यंत कराची शहर आपल्या मुंबई इलाख्यातच होते. त्या कराचीच्या कडेला ओरंगी नावाची मोठी गरीब वस्ती उभी राहिली. १९८० मध्ये अख्तर हमीद खान तिथे कामाला लागले. पूर्वी आयसीएस अधिकारी होते. १९४५ मध्ये ती नोकरी सोडून ते लोकांत मिसळले होते. ओरंगीचे लोक म्हणत, “सरकार गटार बांधील तेव्हा बांधील.” खानसाहेबांनी कामाचे दोन भाग पाडले. घरातला संडास, गल्लीतला नळ आणि गल्ल्यांचे पाणी एकत्र नेणारे गटार, एवढे लोकांनी करायचे. मोठे गटार आणि मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र सरकारने. गल्ली म्हणजे वीस-तीस घरे. गल्लीने आपल्यातलाच एक प्रमुख निवडायचा, पैसे त्याच्याकडे जमा करायचे. पातळी मोजणे, नकाशा, साच्यांची अवजारे आणि सल्ला संस्थेकडून. दर घराला खर्च आला हजार रुपयांच्या आसपास. ठेकेदारीने झाले असते तर त्याच्या कितीतरी पट लागले असते. घराबाहेर एक लहानशी हौदी ठेवीत, म्हणजे गाळ तिथेच बसे आणि गल्लीतला नळ तुंबत नसे. पुढच्या वीस वर्षांत लाखाच्या आसपास घरे अशी जोडली गेली.

पण इथेही एक उणीव राहिली. सरकारचा भाग मागे पडला आणि कित्येक गल्ल्यांचे पाणी शुद्ध न होताच नाल्यात, तिथून पुढे समुद्राकडे गेले. घराची घाण गेली, ती दुसऱ्याच्या दारात गेली.

आपल्याकडे लहान गावांत बहुतेक ठिकाणी अजून भुयारी गटार नाही, टाक्याच आहेत. त्यांनाही हाच न्याय लागतो. टाकी बांधली की काम संपले असे नव्हे. ती उपसली पाहिजे, आणि उपसलेले कुठे तरी नीट गेले पाहिजे. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या पाळीने यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. तिथे कुणी तक्रार करीपर्यंत वाट पाहायची नाही. पाळी आली की गाडी दारात. त्यात आणखी एक गोष्ट साधते. टाकीत माणूस उतरवण्याची वेळ येत नाही. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे उतरवली गेली आणि मेली.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात घरकुलांची योजना आली की नकाशावर सही करण्याआधी ग्रामसभेत तीन प्रश्न उभे राहून विचारा. मोरीचा नळ गटारापेक्षा किंवा टाकीपेक्षा किती उंच आहे, आणि ते कोणी मोजले? जोडणीचा पैसा कोण देणार, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला हप्ते किती? आणि शेवटी हे पाणी कोणाच्या शेताकडे, कोणाच्या विहिरीकडे जाणार? हॉवर्थच्या लोकांना पहिल्या अर्जापासून पाणी येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागले. दरम्यान किती पाळणे रिकामे झाले, त्याची नोंद तिथल्या चर्चच्या दफनवहीत आहे. आपण हे प्रश्न जोते बांधण्याआधी विचारले, तर त्यांना लागणारा खर्च फक्त एका सभेचा आहे.