टॅपेटचा आवाज गेला

कालनिर्णयच्या मार्च २००९ च्या पानावर, १४ तारखेच्या चौकटीत अण्णांचं बारीक अक्षर आहे: ‘गाडी – आवाज पूर्ण गेला. छान.’ खाली ‘दूध १॥’. रेवसच्या घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असे आणि वर्ष संपलं की ते माळ्यावर जाई. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर २००१ ते २०१४ मधली अकरा कॅलेंडरं सापडली. त्यांच्यासोबत गॅरेजच्या पावत्यांची पिशवी, पीयूसीच्या चिठ्ठ्या, आरसी बुक आणि बिस्किटांच्या डब्यात कापडात गुंडाळलेला एक जळका व्हॉल्व्ह. आमच्या १९९६ च्या मारुती ८०० ची हयात एवढ्यावरूनच जुळवायची आहे. २०१२ साली इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. ते टळलं असतं का, आणि केव्हा, एवढंच मला शोधायचं होतं.

आधी साधनांविषयी. पेट्रोलच्या नोंदी भरपूर आहेत, पण ‘फुल’ असा शब्द असलेल्या लागोपाठच्या दोन नोंदींवरूनच ॲव्हरेज काढता येतं. बाकीच्या मी सोडून दिल्या. असा हिशेब २००४ साली लिटरला साडेसतरा किलोमीटर येतो, २००८ साली सोळा, २०११ साली तेरा. रस्ता बदललेला नाही. मुंबईला आम्ही रेवस बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरत असू. गाडी न्यायची तर पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा वळसा पडे. त्यामुळे गाडीचे बहुतेक किलोमीटर रेवस-अलिबाग रस्त्यावरचेच. ॲव्हरेज घटलं त्याचा दोष घाटाला किंवा मुंबईच्या गर्दीला देता येत नाही.

पावत्यांत ‘टॅपेट सेटिंग’ हे शब्द शेवटचे येतात ते २००५ मध्ये, ८४,३१० किलोमीटरला. पुढे ऑइल आणि फिल्टर नियमित आहेत, ब्रेक शू आहेत, खाऱ्या हवेनं खाल्लेला सायलेन्सर दोनदा आहे. टॅपेट नाही. २००७ च्या जूनमध्ये कॅलेंडरवर ‘सकाळची टकटक कमी’, आणि २००९ मध्ये ती सुरुवातीची आनंदाची ओळ.

या ओळीपाशी मी बराच अडखळलो. या गाडीच्या तीन सिलिंडरांना सहा व्हॉल्व्ह आहेत. कॅमशाफ्ट रॉकर हलवतो आणि रॉकरच्या टोकाचा स्क्रू व्हॉल्व्हची दांडी दाबतो. इंजिन थंड असताना स्क्रू आणि दांडी यांच्यात साधारण ०.१५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे दाढीच्या दीड पात्याएवढी. ही फट जुळवणं म्हणजेच टॅपेट सेटिंग. फट वाढली की टकटक होते. पण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, दांडी रॉकरकडे सरकते आणि फट बुजते. टकटक थांबते. फट पुरती बुजली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच देता येते. तो टेकलाच नाही तर फटीतून सुटणारा जाळ त्याची कड खातो. ज्या शांततेवर अण्णांनी ‘छान’ लिहिलं, ती या बिघाडाची खूण होती.

दुसरी शक्यताही तपासली. आवाज बंद व्हावा म्हणून कुणी टॅपेट गरजेपेक्षा जास्त घट्ट केले असतील का? पण २००८ च्या दिवाळीपासून त्या मार्चपर्यंत ना पावती आहे, ना कॅलेंडरवर ‘गॅरेज’ हा शब्द. आवाज २००७ पासून टप्प्याटप्प्यानं कमी झाला, तोही झिजेकडेच बोट दाखवतो.

पीयूसीच्या चिठ्ठ्यांत हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, आकडा २००६ मध्ये ३२०, २०१० मध्ये ६१०, २०११ मध्ये ८९०. केंद्रं वेगवेगळी होती, म्हणून नेमक्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही. चढता कल मात्र स्पष्ट आहे. त्या काळच्या गाड्यांना मर्यादा १५०० ची होती, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर ‘पास’. पेणच्या आरटीओत २०११ साली नोंदणीचं नूतनीकरण झालं, त्याचा शिक्का आरसी बुकात आहे. त्या तपासणीत दिवे आणि ब्रेक पाहतात. रॉकरचं झाकण कुणी उघडत नाही.

मग २०१० आणि २०११ च्या पावत्या: ‘कार्ब्युरेटर सफाई’, ‘प्लग ३’, पुन्हा ‘कार्ब्युरेटर सफाई’. गाडी उभ्या जागी थरथरत होती, म्हणून हे उपाय झाले. खरं निदान २०१२ च्या ऑगस्टमधल्या पावतीवर आहे: ‘कॉम्प्रेशन चेक – २ नं. कमी. हेड उतरवले.’ त्या वेळी १,४६,०५२ किलोमीटर झाले होते. शेवटच्या टॅपेट सेटिंगनंतर एकसष्ट हजारांहून जास्त.

डब्यातला व्हॉल्व्ह त्याच दुसऱ्या सिलिंडरचा. सगळी कड राखाडी आणि गुळगुळीत, फक्त एका जागी करंगळीच्या नखाएवढा त्रिकोणी तुकडा नाही. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना धातू निळसर पडलाय. अण्णांनी तो का ठेवला, हे कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. २००७ च्या जूनमध्ये झाकण उघडून फिलर गेजनं फट मोजली असती तर हेड बहुधा वाचलं असतं. २००९ च्या मार्चमध्येही आशा होती. २०१० मध्ये पहिल्यांदा कार्ब्युरेटर खोलला, तोवर बहुधा उशीर झाला होता. त्यात निष्काळजीपणा म्हणावा असं काही मला दिसत नाही. अण्णा ऐकत होते, लिहीत होते. आवाज वाढला तर तक्रार करायची हे त्यांना ठाऊक होतं. तो नाहीसा झाल्यावरही तपासायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९८३ च्या डिसेंबरात पहिल्या गिऱ्हाईकाच्या हाती पडलेली ही गाडी कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत बनवायची थांबवली. आमची अजून अंगणात आहे, १,९१,००० वर. गेल्या महिन्यात रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे टॅपेट समोर उभं राहून तपासून घेतले: पाच बरोबर, एक घट्ट. तुमच्या दारात अशी जुनी पेट्रोल गाडी असेल, तर पावत्यांची पिशवी काढा आणि ‘टॅपेट’ शब्द शेवटचा कुठे आहे ते बघा. आणि गाडी अचानक शांत वाटायला लागली असेल, तर आधी तिचं झाकण उघडा.